वाचकांचे प्रश्न : चढावरून समांतर रेषा कशा ओळखायच्या?

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी रेषेचा चढ आणि समांतर रेषा यांवरचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरांमध्ये चल राशींसाठी क्ष आणि य ही अक्षरे वापरली आहेत. दोन अक्षरांचा गुणाकार दाखवताना मध्ये बिंदू दिला आहे. ‘प·क्ष’ म्हणजे प गुणिले क्ष.

प्रश्न : दोन रेषांचे चढ सारखे असले की त्या समांतर असतात, हे मला पाठ आहे. पण असं का होतं? आणि आलेख काढला की समांतर रेषा दिसतातच, मग चढ काढत बसायचं कशाला? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : आधी ‘का’ बघू. आपण उजवीकडे एक एकक सरकलो की रेषा जितकी वर चढते किंवा खाली उतरते, तो तिचा चढ. आता य = २क्ष + ३ आणि य = २क्ष − १ या रेषा घे. क्ष = ० असताना पहिली ३ वर असते आणि दुसरी −१ वर, म्हणजे अंतर ४. क्ष = १ ला त्या ५ आणि १ वर येतात; अंतर पुन्हा ४. क्ष = १०० ला २०३ आणि १९९; तरीही ४. प्रत्येक पावलाला दोघी सारख्याच चढतात, त्यामुळे सुरुवातीला जेवढं अंतर होतं तेवढंच शेवटपर्यंत राहतं. ते शून्य होणं शक्य नाही, म्हणून त्या कधीच भेटत नाहीत.

(हे ४ उभं अंतर आहे. दोन रेषांमधलं खरं, म्हणजे लंब अंतर त्याहून कमी असतं. इथे ते ४/√५, सुमारे १.७९ आहे. या दोन अंतरांची गल्लत करू नकोस.)

भूमितीच्या बाजूनेही हेच दिसतं. रेषेचा चढ म्हणजे तिने क्ष-अक्षाच्या धन दिशेशी केलेल्या कोनाचा टॅन. चढ सारखे तर कोन सारखे. क्ष-अक्ष ही छेदिका मानली, तर हे दोन कोन संगत कोन होतात, आणि संगत कोन समान असले की रेषा समांतर असतात. चढाची कसोटी हा तुला माहीत असलेल्या या प्रमेयाचाच अंकांतला अवतार आहे.

आता आलेखाबद्दल. य = २क्ष + ३ आणि य = १.९८क्ष − १ या रेषा क्ष = −५ पासून क्ष = ५ पर्यंत काढून बघ. डाव्या टोकाला उभं अंतर ३.९ येईल, उजव्या टोकाला ४.१. १ सेमी = १ एकक असं प्रमाण घेतलं असेल, तर सबंध कागदावर फरक पडतो तो २ मिमीचा. पेन्सिलीची जाडी आणि पट्टी किंचित हलणं एवढ्यानेही तो झाकला जातो. डोळ्यांना या रेषा समांतरच वाटतील. प्रत्यक्षात त्या (−२००, −३९७) या बिंदूत छेदतात, कागदाच्या कितीतरी बाहेर. आलेख अंदाज देतो, निर्णय देत नाही. निर्णय चढ देतो, आणि तोही दोन आकडे तंतोतंत सारखे असले तरच.

प्रश्न : मुलाने २क्ष + य = ५ आणि २क्ष − य = १ या रेषा समांतर आहेत असं लिहिलं, कारण दोन्हींत क्ष चा सहगुणक २ आहे. उत्तर चुकलं, पण का चुकलं ते त्याला समजावता येत नाही. (एक पालक)

उत्तर : ही चूक फारच जास्त आढळते आणि तिचं मूळ साधं आहे. ‘क्ष च्या पुढचा आकडा म्हणजे चढ’ हे वाक्य फक्त य = म·क्ष + क या रूपातल्या समीकरणाला लागू पडतं. डाव्या बाजूला य एकटा हवा आणि त्याचा सहगुणक १ हवा. या दोन अटी वाक्याबरोबर लक्षात राहत नाहीत आणि उरलेलं वाक्य प्रत्येक समीकरणावर लावलं जातं.

त्याला समीकरण बदलून घ्यायला सांगा. २क्ष + य = ५ पासून य = −२क्ष + ५ मिळतं; चढ −२. २क्ष − य = १ मध्ये −य = −२क्ष + १, म्हणून य = २क्ष − १; चढ २. एक रेषा उतरते आहे, दुसरी चढते आहे. त्या (१.५, २) मध्ये छेदतात. हा बिंदू दोन्ही समीकरणांत घालून त्यानेच पडताळून पाहावं. चूक आपल्या डोळ्यांनी दिसली की ती पुन्हा होण्याची शक्यता कमी होते.

याच कुळातली दुसरी चूक ३य = ६क्ष + ४ अशा समीकरणात होते. य डावीकडे आहे, पण एकटा नाही. ३ ने भागल्यावर य = २क्ष + ४/३ मिळतं, म्हणजे चढ २ आहे, ६ नव्हे. भागताना स्थिरपदाला भागायचं राहून गेलं तर चढ बरोबर येतो आणि स्थिरपद चुकतं. अशा वेळी ‘समांतर’ हे उत्तर बरोबर ठरू शकतं, पण रेषा मात्र भलत्याच जागी काढली जाते.

अ·क्ष + ब·य = क या रूपासाठी सूत्रही आहे : चढ = −अ/ब, अर्थात ब शून्य नसेल तेव्हा. सूत्र वापरणाऱ्यांचा घोटाळा चिन्हात होतो. ३क्ष − ४य = ८ मध्ये ब म्हणजे −४; म्हणून चढ = −३/(−४) = ३/४. बाहेरची उणे खूण आणि ब ची उणे खूण या दोन वेगळ्या खुणा आहेत. पुष्कळ विद्यार्थी त्यातली एकच लिहितात आणि −३/४ वर थांबतात.

आणि फक्त ‘समांतर आहेत का’ एवढंच विचारलं असेल, तर भागाकार करूच नये. दोन्ही समीकरणं एकाच रूपात मांडावीत आणि तिरकस गुणाकार करावा : पहिलीचा अ गुणिले दुसरीचा ब, आणि दुसरीचा अ गुणिले पहिलीचा ब. ३क्ष − ४य = ८ आणि ६क्ष − ८य = ५ साठी ३ × (−८) = −२४ आणि ६ × (−४) = −२४. दोन्ही समान, म्हणजे दिशा एकच. पत्रातल्या जोडीसाठी २ × (−१) = −२ आणि २ × १ = २; म्हणून समांतर नाहीत. यात अपूर्णांक येत नाहीत, उणे खुणा हरवत नाहीत आणि उभ्या रेषेपाशीही अडत नाही. मुलाला एकच रीत शिकवायची असेल, तर आम्ही हीच सुचवू.

प्रश्न : चार बिंदू देऊन चौकोन समांतरभुज आहे हे चढ काढून दाखवायला सांगतात. त्यात माझा नेहमी कुठेतरी गोंधळ होतो. नेमके टप्पे सांगाल का? (एक विद्यार्थी)

उत्तर : अ(१, २), ब(४, ३), क(६, ७), ड(३, ६) हे बिंदू घेऊ. आधी कागदाच्या कोपऱ्यात कच्ची आकृती काढ. समोरासमोरच्या बाजू कोणत्या हे तिथेच ठरतं : अब समोर डक, आणि बक समोर अड. ही आकृती न काढल्यामुळे अब आणि बक या लगतच्या बाजूंची तुलना करणारे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत.

मग प्रत्येक बाजूसाठी य मधला फरक वर, क्ष मधला फरक खाली.
अब चा चढ = (३ − २)/(४ − १) = १/३
डक चा चढ = (७ − ६)/(६ − ३) = १/३
बक चा चढ = (७ − ३)/(६ − ४) = ४/२ = २
अड चा चढ = (६ − २)/(३ − १) = ४/२ = २

समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर, म्हणून चौकोन समांतरभुज. एकच जोडी समांतर निघाली असती तर तो समलंब चौकोन झाला असता. म्हणून पहिली जोडी जुळली की थांबायचं नाही, चारही चढ काढायचे.

गोंधळ बहुधा वजाबाकीच्या क्रमात होत असावा. वर ‘दुसरा वजा पहिला’ केलं तर खालीही ‘दुसरा वजा पहिला’च हवं. कोणता बिंदू पहिला मानायचा याची मुभा आहे, पण वर एक आणि खाली दुसरा असं चालत नाही. अब साठी (३ − २)/(१ − ४) लिहिलंस तर −१/३ येईल, आणि समांतर बाजू समांतर नाहीत असं उत्तर निघेल. उणे निर्देशक असले की कंस घाल : −२ मधून −५ वजा करताना (−२) − (−५) = ३. कंस टाळला की तिथे −७ यायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घे. ‘समांतर आहेत का’ हा तुलनेचा प्रश्न आहे, त्यामुळे सगळीकडे सारखीच केलेली चूक त्यात दिसून येत नाही. चारही वेळा क्ष चा फरक वर आणि य चा खाली लिहिलास, तर ३, ३, १/२, १/२ असे आकडे येतील आणि ‘समांतरभुज’ हेच उत्तर मिळेल. चारही वेळा चिन्ह उलटं लावलंस तरी तेच. उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर होती असं समजू नकोस. पुढच्या गणितात रेषेचं समीकरण काढायची वेळ आली की हीच चूक उघडी पडते. म्हणून एक चढ तरी आकृतीशी ताडून बघ : अब डावीकडून उजवीकडे हळूच वर जाते, तेव्हा तिचा चढ धन आणि १ पेक्षा लहान असायला हवा. १/३ पटतो, ३ पटत नाही.

प्रश्न : कॅल्क्युलेटरवर दोन्ही चढ ०.६७ आले. उत्तरसूचीत मात्र ‘समांतर नाहीत’ असं आहे. सूची चुकली आहे का?

उत्तर : पत्रात बिंदू दिलेले नाहीत, पण असं कशामुळे होतं ते दाखवता येईल. (०, ०) आणि (३, २) मधून जाणाऱ्या रेषेचा चढ २/३ आहे. (१, १) आणि (१०१, ६८) मधून जाणाऱ्या रेषेचा चढ ६७/१०० आहे. दोन दशांश स्थळांपर्यंत दोन्ही ०.६७; पण २ × १०० = २०० आणि ३ × ६७ = २०१, म्हणजे चढ वेगळे. चढ अपूर्णांकातच ठेवावा, अतिसंक्षिप्त रूप द्यावं आणि मगच तुलना करावी. दशांशात जवळच्या किमतीला आणलेल्या आकड्यांवरून समांतर असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. ते आकडेच वेगळे आले तर ‘समांतर नाहीत’ एवढं मात्र नक्की सांगता येतं.

प्रश्न : क्ष = ३ आणि क्ष = −२ या रेषा समांतर आहेत हे उघड आहे, पण सूत्राने चढच निघत नाही. उत्तरात ‘दोन्हींचा चढ अनंत, म्हणून समांतर’ असं लिहिलं तर चालेल का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : तसं लिहू नकोस. क्ष = ३ या रेषेवरचे (३, १) आणि (३, ६) हे बिंदू घेतले तर चढ = ५/० होतो. शून्याने भागता येत नाही, म्हणून या रेषेचा चढ ठरवता येत नाही. जी संख्याच नाही ती दुसऱ्या अशाच ‘नसलेल्या’ संख्येइतकी आहे, या म्हणण्याला अर्थ उरत नाही. ‘दोन्ही रेषा क्ष-अक्षाला लंब आहेत, म्हणून त्या परस्परांना समांतर आहेत’ असं लिही. एवढं पुरेसं आहे.

त्याचबरोबर आडव्या रेषेचा चढ शून्य असतो हे वेगळं लक्षात ठेव. य = ४ वर (१, ४) आणि (६, ४) घेतले तर ०/५ = ० येतं. शून्य ही व्यवस्थित संख्या आहे. अंशात शून्य आलं तर रेषा आडवी, छेदात आलं तर उभी, आणि दोन्हीकडे शून्य आलं तर तू एकच बिंदू दोनदा घेतला आहेस.

प्रश्न : वर्गात जागेअभावी दोन अक्षांवर वेगवेगळी प्रमाणं घ्यावी लागतात. त्याने समांतर रेषांच्या दिसण्यात बिघाड होतो का? (एक शिक्षिका)

उत्तर : समांतरपणाला धक्का लागत नाही. एका अक्षावरचं प्रमाण बदलणं म्हणजे सगळी आकृती त्या दिशेने ताणणं किंवा दाबणं. दोन रेषांचे चढ समान असतील तर दोघींवर सारखाच परिणाम होतो आणि त्या कागदावरही समांतरच राहतात. बिघाड होतो तो कोनांत. क्ष-अक्षावर १ सेमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेमी = ५ एकके घेतली, तर य = क्ष आणि य = −क्ष या लंब रेषा काटकोनात दिसणार नाहीत; दोन्ही पसरट होऊन क्ष-अक्षाजवळ येतील. त्यामुळे लंब रेषा शिकवताना दोन्ही प्रमाणं एकच ठेवावीत, समांतर रेषांसाठी तसं बंधन नाही.

पण दोन ठिकाणी लक्ष द्यावं लागतं. चौकोन मोजून चढ वाचताना विद्यार्थी प्रमाण विसरतात. वरच्याच प्रमाणात, चौकोन १ सेमीचे धरले, तर रेषा २ चौकोन उजवीकडे जाताना ३ चौकोन वर गेली म्हणजे चढ ३/२ नव्हे; ३ × ५ = १५ भागिले २, म्हणजे १५/२. दुसरं असं की दोन वेगळ्या कागदांवर वेगळ्या प्रमाणांत काढलेल्या रेषांची तुलना डोळ्यांनी कधीच करायला लावू नये. एका कागदावरची १/२ चढाची रेषा आणि दुसऱ्यावरची ५/२ चढाची रेषा अगदी एकसारखी तिरकी दिसू शकते. हे मुद्दाम करून दाखवण्यासारखं आहे : तीच रेषा दोन प्रमाणांत काढायला सांगा आणि चढ आकड्यांतून काढायला लावा.

प्रश्न : (४, −१) मधून जाणाऱ्या आणि २क्ष + ३य = ६ ला समांतर असलेल्या रेषेचं समीकरण काढण्याची सोपी रीत आहे का?

उत्तर : आहे. समांतर रेषेत क्ष आणि य चे सहगुणक तसेच ठेवता येतात. बदलतं ते फक्त स्थिरपद. म्हणून २क्ष + ३य = क असं लिहा आणि दिलेला बिंदू घाला : २ × ४ + ३ × (−१) = ५. रेषा २क्ष + ३य = ५.

लांबच्या रीतीने पडताळा : चढ −२/३; य + १ = −(२/३)(क्ष − ४); ३ ने गुणून ३य + ३ = −२क्ष + ८; म्हणजे २क्ष + ३य = ५. य − (−१) चं य + १ होतं, य − १ होत नाही. या एका पायरीवर बरीच उत्तरं चुकतात. स्थिरपद पुन्हा ६ आलं, तर दिलेला बिंदू मूळ रेषेवरच होता आणि मिळालेली रेषा ही तीच रेषा आहे.

प्रश्न : ३क्ष − ४य = ८ आणि ६क्ष − ८य = ५ यांच्यातलं अंतर मी ०.६ काढलं. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. सहगुणक सारखे न करताच स्थिरपदांची वजाबाकी झाली आहे. दुसऱ्या समीकरणाला २ ने भागा : ३क्ष − ४य = २.५. सहगुणक सारखे झाले की अंतर = स्थिरपदांतला फरक भागिले √(अ² + ब²). आता ८ − २.५ = ५.५, आणि √(३² + ४²) = ५. अंतर ५.५/५ = १.१.

प्रश्न : प·क्ष + ३य = ७ आणि १२क्ष + प·य = १४ या रेषा समांतर होण्यासाठी प ची किंमत काढा, असा प्रश्न होता. मी प = ६ आणि प = −६ अशी दोन उत्तरं लिहिली. एकाच उत्तराला गुण मिळाले. का? (एक विद्यार्थी)

उत्तर : तिरकस गुणाकारापर्यंत तुझं सगळं बरोबर आहे : प × प = १२ × ३, प² = ३६, प = ±६. पण चढ समान असणं एवढ्यावर काम भागत नाही. चढ समान असलेल्या दोन रेषा एक तर समांतर असतात, नाही तर संपाती, म्हणजे एकच रेषा दोनदा लिहिलेली. युक्लिडच्या व्याख्येनुसार समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी मिळत नाहीत. संपाती रेषा तर प्रत्येक बिंदूत मिळतात. म्हणून शालेय गणितात त्या समांतर धरत नाहीत.

प = ६ घालून बघ : ६क्ष + ३य = ७ आणि १२क्ष + ६य = १४. पहिल्याला २ ने गुणलं की दुसरंच मिळतं. या रेषा संपाती आहेत. प = −६ घातल्यावर −६क्ष + ३य = ७ आणि १२क्ष − ६य = १४ अशी समीकरणं होतात. पहिल्याला −२ ने गुणलं तर १२क्ष − ६य = −१४. डावी बाजू तीच, उजवी बाजू वेगळी. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारा बिंदू असूच शकत नाही, म्हणून रेषा समांतर. उत्तर फक्त प = −६.

बिंदू दिलेले असले तरी हा धोका असतोच. (०, १), (२, ५) ही एक जोडी आणि (३, ७), (५, ११) ही दुसरी. दोन्हींचा चढ २ येतो आणि ‘समांतर’ लिहायचा मोह होतो. तेव्हा पहिल्या जोडीतला एक आणि दुसऱ्या जोडीतला एक बिंदू घेऊन तिसरा चढ काढावा : (२, ५) आणि (३, ७) मधून २/१ = २. तोही २ च आला, म्हणजे चारही बिंदू एकरेषीय आहेत. तो वेगळा आला असता तरच रेषा समांतर म्हणता आल्या असत्या.